दाराला लिंब, घरात गर्दी

फाल्गुन सरत आला की आमच्या भवानीनगरच्या बाजूला दोन वास एकदम येतात. एक कारखान्याच्या मळीचा. तो नाकात बसला की जेवणाच्या ताटावरसुद्धा पाठ सोडत नाही. दुसरा कडू लिंबाच्या मोहराचा. फडातलं पाचट पेटवलं की काजळी उडत येऊन दोरीवरच्या धुतल्या कपड्यांवर बसते आणि मी दरवर्षी तेवढ्यासाठी बडबड करते. याच दिवसांत कुणाच्या ना कुणाच्या पोराच्या अंगावर कांजिण्या उठतात. यंदा माझ्या नातवाच्या, ओमच्या उठल्या. त्यामुळं यंदा माझी बडबड काजळीवर थांबली नाही.

बारामतीला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पाठीवरचे फोड बघितले, कांजिण्याच म्हणाले आणि औषध लिहिता लिहिता विचारलं, "घरात कोणी गरोदर आहे का? येणारं-जाणारं कोणी? असेल तर या दिवसांत अजिबात फिरकू देऊ नका. बाळाला धोका असतो, आईलाही." माझी सून वैशाली म्हणाली, "नाही हो, घरात कोणी नाही." खरंच होतं ते, घरात कोणी नव्हतं. पण येत्या रविवारी माझी नात ऋतुजा आमच्याकडं येणार होती, डोहाळजेवणाला. माझ्या लेकीची, सुनंदाची ही लेक. इंदापूरला दिलीय, सातवा महिना आहे, आणि आजोळचं डोहाळजेवण झालंच पाहिजे असा हट्ट तिच्या आईचा. मी खुर्चीत बसल्या जागी गार पडले. वैशालीला म्हटलं, "अगं, ऋतुजा!" तर ती म्हणाली, "अय्या, हो की!" आणि औषधाच्या चिठ्ठीचा फोटो काढून आपल्या बहिणीला पाठवला.

घरी आलो तर शेजारच्या इंदूनं आमच्या दाराला लिंबाचा डहाळा खोवून ठेवलेला. म्हटलं, ठीक आहे, लिंबाशी माझं भांडण नाही. वैशालीनं फोडणी बंद केली, कढई पालथी घातली. तेही ठीक, दोन दिवस उकडलेलं खाऊ. मग ओमशी अहो-जाहो सुरू झालं, कारण तो आता ओम नव्हता, आई आल्या होत्या त्याच्या अंगात. "पाणी घेता का?" "उशी नीट आहे का?" सात वर्षांचं कार्टं ते, त्याला तेवढंच पाहिजे होतं. अर्ध्या दिवसात त्यानं ओळखलं की आपण मागू ते मिळतंय, आणि आईंनी मोबाईल मागितला. दिलाही! मी म्हटलं, "देवीला गेम कशाला लागतो गं?" तर वैशाली डोळे मोठे करून म्हणाली, "आई, असं बोलू नका, कोप होईल."

इथवर मी हसून घालवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं यायला लागली. कुणी नारळ घेऊन, कुणी हिरवा खण घेऊन, कुणी दहीभात. आळीतल्या, वस्तीवरच्या, पार फाट्यापलीकडच्या. पोराच्या पायावर डोकं ठेवायचं, त्याच्या हातानं साखरेचा दाणा घ्यायचा, तो आपल्या लेकराच्या तोंडात घालायचा. एकीनं कडेवरचं तान्हं बाळ ओमच्या मांडीवर टेकवलं, आशीर्वाद म्हणून! मी धावत गेले आणि उचललं. "मावशी, आई घरी आल्यात, दर्शन तरी घिऊ द्या की," म्हणाली. अगं बये, तो दाराला लावलेला डहाळा काय सांगतो? 'आत या' म्हणतो का? त्याचा अर्थच मुळी 'इथून पुढं पाऊल टाकू नका' असा होता!

होता. मी बघितलाय तो अर्थ. सुनंदा माझ्या पोटात होती तेव्हाचा असाच फाल्गुन. लग्नाला वर्ष होत आलं होतं. तेव्हा दाराला लिंब दिसला की माणूस रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायचा. परीट कपडे न्यायचा नाही. भिक्षा मागणारासुद्धा पुढच्या दाराला जायचा. पोरांना कुणी सांगावं लागायचं नाही, लगोरी त्या दारापासून लांब सरकायची. ओटी-बिटी काय असेल ती सगळं निवल्यावर, पोराला लिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातल्यावर. तोवर गावाच्या दृष्टीनं ते घर गावातच नसायचं.

आमच्या थोरल्या जावेच्या पोराला त्या वर्षी आई आल्या. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी (आमच्याकडं सासूला असंच म्हणतात), पोराच्या कपाळावरचा पहिला फोड बघितला आणि त्या तडक उठल्या. उंच, काटक बाई. आवाज असा की दोन बांधांपलीकडचा माणूस दचकावा. दाराला लिंब लावला, अंगणातल्या बायांना "चला, निघा आता" म्हणाल्या आणि मग माझ्याकडं वळल्या. बाया अजून निघत होत्या. त्या सगळ्यांच्यादेखत म्हणाल्या, "तू दोन जिवांची हाईस. तुझा इटाळ आईला चालत न्हाय. ऊठ. लुगडी घे आन् रानात जा."

मी उठले. रडत लुगडी बांधली. पोटात ह्यांच्याच घराचं लेकरू आणि इटाळ माझा? जाऊ दाराआडून नुसती बघत होती. उंबऱ्याबाहेर पडताना मी मनात ठरवलं की या बाईशी जन्मात मनापासून बोलायचं नाही, आणि बऱ्यापैकी पाळलंही.

रानात पाचटाचं छप्पर होतं. ऊन चढलं की ते पाचट तडतडायचं आणि दुपारभर वाळक्या उसाचा वास कोंडून राहायचा. जवळून पाट वाहायचा, तेवढाच गारवा. सोबतीला काशीआक्का दिली होती, नात्यातली म्हातारी. तिला म्हणे लहानपणी सगळं येऊन गेलं होतं. ती दिवसभर तंबाखू मळायची आणि माझ्या पोटाचा आकार बघून मुलगाच होणार म्हणायची. आत्याबाई रोज सकाळी बांधावरच्या दगडावर भाकरी-कोरड्यास ठेवायच्या, लांबूनच "घे गंऽ" अशी हाक मारायच्या, आणि मी छपराबाहेर येईपर्यंत त्यांची पाठ फिरलेली असायची. आमच्या मालकांना तर पाटाच्या अलीकडं यायची बंदीच. ते पलीकडून ओरडायचे, "बरी हाईस का?" मी ओरडायची, "न्हाय!" "बरं!" म्हणून निघून जायचे. एवढाच आमचा संसार त्या दिवसांत.

सगळ्यात झोंबलं ते दादाचं. माझा थोरला भाऊ शेळगावहून बैलगाडी घेऊन मला न्यायला आला होता. पहिलं बाळंतपण माहेरीच, ते ठरलेलं. आत्याबाईंनी त्याला ओढ्यापाशीच गाठलं.

"माघारी फीर. आमच्यात आई आल्यात. हितलं माणूस भाईर जायचं न्हाय, भाईरचं आत यायचं न्हाय."

दादा म्हणाला, "निदान भैनीला लांबनं बघू तरी द्या."

"न्हाय म्हंजी न्हाय. तुमच्या गावात लेकरं न्हाईत का?"

पाण्याचा तांब्यासुद्धा पुढं केला नाही. बहिणीच्या गावातून भाऊ कोरड्या घशानं परत गेला. माझ्या माहेरी ही गोष्ट अजून प्रत्येक लग्नकार्यात निघते आणि प्रत्येक वेळी आत्याबाई थोड्या जास्त दुष्ट होत जातात.

सुनंदा धडधाकट झाली. नाकीडोळी नीटस, आवाज आजीचा. पुढं मी डी.एड. केलं, शाळेत लागले, आयुष्यभर पोरांना 'शास्त्रीय कारणे लिहा' म्हणून प्रश्न घातले. आणि त्या दिवशी बारामतीला, डॉक्टरांच्या त्या खुर्चीत, मला कळलं की मला रानात का घातलं होतं. सासरचं घर मूळचं मेंढरांचं. ऊस आला आणि मेंढरं गेली, पण आत्याबाईंचं अर्धं आयुष्य कळपामागं गेलेलं. मेंढरांत आजार शिरला की धनगर आधी गाभण मेंढ्या वेगळ्या काढतात, दुसऱ्या रानात नेतात. म्हणजे त्यांनी मला मेंढीसारखी वेगळी काढली होती. आणि तेवढं एक वाक्य, 'पोटातल्याला जप म्हणून पाठवतीया', ते काही तोंडातून निघालं नाही! सांगितलं असतं तर काय जीभ झडली असती? मी हसत गेले असते रानात. दादाला पाणी नाही मिळालं तरी तो दुवा देत गेला असता. पण नाही. आमच्याकडं चांगली गोष्टसुद्धा अपमान केल्याशिवाय करायची नाही असा नेमच आहे की काय कोण जाणे. त्यांना खरं कारण माहीत होतं, का त्यासुद्धा कुणीतरी घालून दिलेलं नुसतं पाळत होत्या, हेही मला कळायचा आता मार्ग नाही. त्या जाऊन खूप वर्षं झाली.

आता कुणी लगेच मला 'बघा, आपले पूर्वज किती शास्त्रीय विचारांचे' असला मेसेज पाठवू नये. घरच्या ग्रुपवर वैशालीच्या भावानं पाठवलाच, हात जोडलेल्या चित्रासकट. त्याच आत्याबाईंनी त्याच महिन्यात लस टोचायला आलेल्या नर्सबाईंना अंगणातून हाकलून दिलं होतं. तापानं फणफणलेल्या पोराला औषधाचा थेंब दिला नव्हता, आईला चालत नाही म्हणून. त्या उन्हाळ्यात गावात गोवरही होता, लेकरं गेली, आणि ज्या घरांतली गेली त्या घरांच्या दारालाही लिंब होताच. फोडणी बंद ठेवून कुणी वाचल्याचं मी ऐकलेलं नाही. त्या ढीगभर पाळणुकीत कामाची गोष्ट एकच होती. लांब राहा. आजारी घरातलं बाहेर जाऊ नका, बाहेरचं आत येऊ नका, पोटुशीला तर आसपास ठेवू नका. एवढीच. आणि आम्ही काय केलं? फोडणी जपली, खण-नारळ जपले, अहो-जाहो जपलं, आणि कामाची तेवढी एक गोष्ट टाकून दिली, कारण ती गैरसोयीची होती. शिवाय तिला इटाळाचा वास येत होता, आणि आता आम्ही शिकलेलो! कारण कुणी सांगितलंच नव्हतं, मग काय ठेवायचं नि काय टाकायचं हे कळणार कसं?

पण मी तर कारण सांगणारी बाई. मी सुनंदाला फोन लावला. ती बावड्याला दिलेली, मोठ्या खटल्यात राहते, तिथलीच बोली बोलते.

"आई, अगं एवढं काय! ओमला आतल्या खोलीत ठेव. आमी हालमदी बसू."

"सुनंदा, हवेतनं पसरतं ते."

"मग फॅन बंद ठेव."

मी कपाळाला हात लावला. "ऋतुजाला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का, ते सांग."

"न्हाय बाई, कधीच न्हाय. किती जपलं हुतं मी तिला!" हे अभिमानानं. "आन् खरं सांगू का आई, उलट बरंच झालं. आई घरात आल्यात तवा ओटी भरली तर पोरीला लाभंल."

जिच्यासाठी मी पाचटात बसून घाम गाळला, ती मला फॅन बंद ठेवायला सांगत होती. मी फोन आपटला. स्मार्टफोन आपटता येत नाही म्हणून गादीवर आपटला.

मुलाला सांगून बघितलं. धनंजय कारखान्यात आहे, यंत्राला जरा कुरकुर आली की सगळी लाईन थांबवणारा माणूस. तो म्हणाला, "आई, दोन तासांचा तर प्रश्न आहे. झोपाळा सांगितलाय, फुलं सांगितलीत. डॉक्टर लोक सगळंच वाढवून सांगतात." म्हटलं, थेट ऋतुजाशीच बोलते, पोर बी.एस्सी. झालेली आहे. तर फोन उचलला तिच्या सासूबाईंनी. मोबाईलची किरणं पोटातल्या बाळाला लागतात म्हणून सुनेचा फोन त्यांनी आपल्याकडं ठेवून घेतला होता! किरणं लागतात, कांजिण्या लागत नाहीत. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते शब्दन् शब्द. त्यांनी ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आजी, पाया पडते, असलं वंगाळ पोरीच्या कानावर घालू नका. पोटुशी हाय ती. भ्याली तर बाळाला बाधंल."

म्हणजे सगळ्यांना कारण माहीत होतं, मला, सुनंदाला, धनंजयला, सासूला. फक्त जिच्या जिवाचा प्रश्न तिला सांगायचं नाही, ती घाबरेल म्हणून.

रविवारी मी सकाळपासून फाटकाशी खुर्ची टाकून बसले. वैशालीनं दोनदा आत बोलावलं, मी ढिम्म. ऊन डोक्यावर आलं, काजळीचे तुकडे पदरावर पडत होते. हॉलमध्ये झोपाळ्याला झेंडूच्या माळा लागल्या होत्या आणि त्याच्या पलीकडच्या खोलीत, मधे एक पडदा सोडून, ओमच्या अंगावरचे फोड पाण्यानं भरलेले होते. दोन गाड्या आल्या. पहिलीतून सुनंदा, ऋतुजाच्या सासूबाई आणि कॅमेरा गळ्यात घातलेला एक माणूस. दुसरीतून बायका, हातात ताटं. आणि ऋतुजा. हिरवी साडी, हातात चुडा, चेहरा असा भरलेला, चालताना एक हात कमरेवर. मला बघून लांबूनच हसली. माझी पहिली नात. तिला पहिल्यांदा अक्षर काढायला मी शिकवलं. पळत जाऊन तिला जवळ घ्यावं असं वाटलं आणि त्याच वेळी, ओमचं सगळं मीच करतेय, माझ्या हाताला-पदराला काय काय लागलंय, हे आठवून मी जागीच थांबले. फाटकाची कडी आतून घट्ट धरली.

"ऋतुजा, तिथंच थांब बाळा. माझं ऐक. ओमला कांजिण्या—"

"आजी!" तिच्या सासूबाई एवढ्या जोरात ओरडल्या की कॅमेरावाला दचकला. "काय बोलताय! शुभ दिवस हाय." आणि मागच्या बायकांना, "चला गं, आत चला, पोर उन्हात हुबी हाय."

"कडी सोड आई," सुनंदा म्हणाली. "लोकांत तमाशा करू नगंस."

"सुनंदा, तुला सगळं सांगितलंय मी."

"ऐकलं की मी! दोन मिनटं पाया पडंल आन् बाजूला बसंल." तिनं फाटकातून हात घातला आणि माझी बोटं कडीवरून सोडवायला लागली. माझीच लेक, माझ्यापेक्षा ताकदीची. मागून वैशाली हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आली, धनंजय खुर्ची बाजूला घ्यायला लागला. ऋतुजा फाटकापासून हातभर अंतरावर. सगळे जण हसत होते, म्हातारीचं काहीतरी चाललंय म्हणून. कडी निघाली.

मग मी म्हणाले. ठरवून नाही म्हणाले, पण म्हणाले ते त्याच सुरात, दोन बांधांपलीकडं जाईल अशा.

"तिचा इटाळ हाय! दोन जिवांची बाई आईला चालत न्हाय. पाऊल टाकलं तर माझ्या नातवावर कोप व्हईल. मागं व्हा सगळ्या!"

काय सांगू, जादू झाली. सुनंदाचा हात फाटकातून मागं गेला. सासूबाईंनी पदर डोक्यावरून ओढला, दाराच्या दिशेनं हात जोडले आणि स्वतःच चार पावलं मागं सरल्या. "आधी सांगायचं की ओ आजी," त्या म्हणाल्या, "आमाला काय ठावं तुमच्या आईचं कडक हाय ते." वैशालीचा चेहरा पांढरा पडला, तिनं ताट घेऊन आत धूम ठोकली. धनंजय, यंत्र थांबवणारा माझा मुलगा, तोसुद्धा म्हणाला, "असं असेल तर राहू दे, उगीच कशाला." डॉक्टरांचं नाव घेऊन, हवा, फोड, बाळ, धोका सगळं सांगून इतके दिवस जे झालं नव्हतं ते एका वाक्यात झालं. कॅमेरावाल्यानं कॅमेरा पिशवीत घातला.

ऋतुजा मात्र हलली नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. तिला तिच्या जन्मात कुणी असं बोललं नसेल, आणि बोललं कोण तर आजी, सगळ्या बायकांसमोर.

"आजी," ती अगदी हळू म्हणाली, "माझा विटाळ?"

सासूबाई दोन पावलांवर कान देऊन उभ्या होत्या. मी आत्ता खरं बोलले तर त्यांचं पाऊल पुन्हा पुढं येणार, हे मला समोर दिसत होतं.

"व्हय," मी म्हणाले. "तुझाच."

तिचे डोळे भरले. ती वळली, सासूबाईंनी हात धरला, गाडीचं दार लागलं. वाचली पोर. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी मला असा राग आला, सगळ्यांचा, आणि तिचासुद्धा! एवढी शिकलेली पोर, पण 'का?' म्हणून एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. सगळं मुसळ केरात गेलं असतं, तरी सांगितलं असतं.